'का' विचारलं की सांगणारी मशीन

घनसावंगी तालुक्यात गोदावरीच्या कडेला एप्रिल महिन्यात ऊस उभा होता. हे वाचून ज्यांना काहीच वाटत नाही त्यांना आधी सांगते: एप्रिलमध्ये ऊस उभा नसावा. तो दिवाळीच्या सुमारास तुटायला लागतो आणि होळीपर्यंत शेतं रिकामी होतात. त्यानंतर तुरे आलेला ऊस आतून पोकळ पडतो, वजन घटतं. आणि शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात, उभं राहून वाट पाहिल्याचे नाहीत.

२००७ च्या या उन्हाळ्यात ऊस इतका झाला होता की कारखान्यांना आवरेना. कुणाचा आधी तोडायचा, कुणाचा नंतर, या एका प्रश्नानं सगळा पट्टा बेजार झाला होता. या क्रमाला तिकडे 'तोडीचा प्रोग्राम' म्हणतात आणि तो कारखान्याचा संगणक ठरवतो. निदान तसं सांगितलं जातं.

मी तिकडे गेले ती गयाबाईंच्या फोनमुळे. आमच्या ऊस उत्पादकांच्या संघटनेच्या पत्रकावरचा नंबर पाहून त्यांनी पुण्याला फोन लावला होता. ओळखपाळख न करता त्यांनी सुरुवातच केली.

"शेजाऱ्याचा ऊस आन माझा ऊस एका आठवड्यात लावला. जात एक, पाटाचं पानी एक. त्याचा माघात गेला. माझा का न्हाई गेला? मागं-पुढं होऊ द्या, माझं काई म्हननं न्हाई. पन कारन तर सांगा."

त्यांना मदत नको होती, कारण हवं होतं. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे कारखान्यानं तोड दिली नाही तर माणूस शिव्या देतो आणि ऊस गुऱ्हाळावर नेतो. घनसावंगीच्या त्या भागात गुऱ्हाळं नाहीत. तिथे कारखाना नाही म्हणाला की उसाला दुसरं दार नाही. हे मला तिथे जाईपर्यंत कळलं नव्हतं, आणि मी उसाच्या प्रश्नावर पत्रकं लिहीत होते.

केदारखेडा

निघण्याआधी संघटनेतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं सांगितलं की गयाबाईंच्याच कारखान्यात वीसेक वर्षांपूर्वी एक संगणक होता, तो कारण सांगायचा. मला ती थाप वाटली. तरी आधी भोकरदनच्या रस्त्याला लागले, कारण तेव्हाचे शेतकी अधिकारी पंडितराव केदारखेड्याला राहतात.

पंडितराव सत्तरीच्या आसपासचे, धिप्पाड, पांढरंशुभ्र धोतर, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता रस्त्याकडे बघणारे. मी पत्रक हातात दिलं. त्यांनी मथळा वाचला, घडी घातली आणि त्या घडीनं वारा घ्यायला सुरुवात केली.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

"आधी बोलू या."

"आधी जेव. मंग भांड."

काकूंनी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी वाढली. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाला दळून ठेवलेलं पीठ. पाहुणा अवचित आला की ते उकळत्या पाण्यात पडतं आणि घडीभरात आमटी तयार. आमच्याकडे पाहुण्यासाठी रस्सा शिजवत बसतात आणि पाहुणा उपाशी ताटकळतो. ही एक गोष्ट मराठवाड्याकडून घेण्यासारखी आहे, असं मी म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "एकच गोष्ट घ्या बाई, बाकीचं आमालाच पुरंना."

हात धुतल्यावर पंडितराव आपणहून बोलायला लागले.

ते सांगत होते तो काळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा. औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेला एक पोरगा कारखान्यात लागला होता. मशीन एकच, पत्र्याचा मोठा डबा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मराठी अक्षरं उमटावीत म्हणून आत एक वेगळं कार्ड बसवलेलं. पोरानं तोडीचा प्रोग्राम त्यावर घेतला, पण दोन गोष्टी अशा केल्या की ज्या मी दुसरीकडे कुठेही ऐकल्या नाहीत.

पहिली गोष्ट, नियम त्यानं मशीनच्या पोटात कोंबले नाहीत. लवकर पिकणारी जात आधी, लागवडीच्या क्रमानं पुढे, नदीकाठचा चिबड, म्हणजे पाणी साचणारा, प्लॉट पावसाच्या आत, असे सगळे नियम सरळ मराठी वाक्यांत वेगळे लिहिलेले. मशीन तीच वाक्यं वाचून काम करायची. त्याच वाक्यांचा कागद शेतकी ऑफिसच्या भिंतीला डकवलेला. नियम बदलायचा तर वाक्य बदलायचं, आणि वाक्य बदललं की भिंतीवर दिसायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'का'. सभासदानं आपला नंबर सांगायचा, मशीन त्याची पाळी सांगणार. मग ऑपरेटरनं इंग्रजी कळांवर के आणि ए दाबायचं.

"मंग ती सांगायची," पंडितराव म्हणाले. "तुजी लागवड अमक्या आठवड्याची, तुज्या पुढं गटात एवढे प्लॉट. पुन्ना का दाबलं, की तुजी जात उशिरा पिकनारी, म्हनून अमका नियम लागला. पुन्ना दाबलं, की हा नियम संचालक मंडळाच्या बैठकीत ठरला. आन चौथ्यांदा दाबलं तर काय म्हनायची सांगू? 'याच्यापुढचं मला माहीत नाही. सभेत विचारा.'"

ते हसले. मला हसू आलं नाही. आज माझ्या मोबाइलमध्ये त्या डब्यापेक्षा किती तरी जास्त ताकद आहे, आणि त्याला एखादी गोष्ट माहीत नसली तर तो ते कबूल करत नाही, नुसता अडकून बसतो.

"लोक विचारायचे?"

"खिडकी बाहेरच्या बाजूला होती ना. बैलगाडीवाले उतरून यायचे, उगंच विचारायचे. माझा नंबर का, त्याचा का. गंमत वाटायची. पन भांडनं कमी झाल्ती, हे खरंय. ज्याला कारन कळलं तो शिवी देऊन का होईना, घरी जायचा."

"मग बंद का केलं?"

पंडितरावांनी पत्रकाचा पंखा थांबवला. एका हंगामात बड्या घरातल्या एकाचा प्लॉट अचानक वर सरकला. खिडकीपाशी चाळीसेक माणसं उभी. कुणीतरी ऑपरेटरला म्हणालं, दाब की का. त्यानं दाबलं. हिरव्या अक्षरात आलं: 'नियम लागू नाही. क्रम हाताने बदलला.' खाली बदलणाऱ्याचं पद.

"लोक असे हासले," पंडितराव म्हणाले, "की खुर्च्या हालल्या. म्होरच्या हंगामाला खिडकी इटानं बंद. मशीन म्हनं स्लो चालती. पुन्याहून नवीन आनली, रंगीत. ती बराबर गप बसती."

मी म्हणाले, मी घनसावंगीला बैठक घेणार आहे, हे सगळं तिथे येऊन सांगा. नुसतं एवढंच सांगा, की असं होऊ शकत होतं आणि झालं होतं.

"मी न्हाई येत."

"का?"

"बघ, तूबी का विचारायला लागली." मग गंभीर झाले. "माझा पुतन्या तिथं चिटबॉय हाये, तोडीच्या चिठ्ठ्या वाटतो. मी बोललो की त्याची नोकरी गेली. तू पुन्याला जाशील. तो कुठं जाईल?"

मी भांडले. भित्रे आहात, असं तोंडावर म्हणाले. पंडितराव शांतपणे म्हणाले, "चहा टाकू का अजून?"

वाटूर फाटा

जालन्याहून घनसावंगीला सरळ रस्ता आहे. पण स्टँडवर एका भल्या माणसानं मला वाटूरच्या गाडीत बसवलं, "तिकडून जीप जल्दी मिळती" म्हणून. जीप मिळाली, पण परतूरकडून फिरून. ऊन असं की फाट्यावरच्या टपरीचा पत्रा कडकड वाजत होता. कडुलिंबांना मोहर आलेला, त्याचा वास तेवढा सुखाचा.

पत्रकांचा गठ्ठा टपावर बांधायला दिला तर ड्रायव्हर म्हणाला वर जागा नाही, आणि त्यानं तो गठ्ठा मधल्या सीटच्या फटीत ठेवून त्यावर एका म्हाताऱ्याला बसवलं. उतारू बसवण्याच्या बाबतीत जालना जिल्ह्यानं कोल्हापूरला हात टेकायला लावले. म्हाताऱ्यानं बुडाखालून एक पत्रक ओढून काढलं आणि मोठ्यानं वाचलं: "संगणकाला 'का' विचारण्याचा हक्क मिळालाच पाहिजे."

"कोनाला विचारायचा?" मागून कुणीतरी.

"कंपूटरला."

"आमी तर बायकोला बी विचारत न्हाई, कुठं गेल्ती म्हनून."

"तुज्यात दम न्हाई म्हनून."

जीप हसली. मीही हसले. मग म्हाताऱ्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "आन माय, समजा विचारलं. त्यानं न्हाई सांगितलं, मंग?"

याचं उत्तर पत्रकात नव्हतं. मी म्हणाले, मग मोर्चा. म्हातारा मान डोलावून खिडकीबाहेर बघायला लागला. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस होता, पांढरा, लांबून बघावा तर देखणा.

घनसावंगी

गयाबाई स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावरचा पदर दातात धरून भराभर चालणाऱ्या. सासरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे. सासऱ्यानं कालव्याजवळ दोन एकर घेतले आणि घर एका जागी बसलं. मालक जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. शेत बाई एकट्या बघत होत्या.

आम्ही थेट कारखान्याच्या गटऑफिसात गेलो. एक खोली, एक कूलर, एक संगणक, त्यावर प्लॅस्टिकची झालर. ऑपरेटर तिशीतला, नीटनेटका, उद्धट अजिबात नाही. उद्धट असता तर मला बरं झालं असतं. त्यानं गयाबाईंचा नंबर टाकला आणि पडदा आमच्याकडे वळवला.

गयाबाई वाकल्या. "आरं, माझा नंबर तर मागं गेला. पंधरा दिसाखाली याच्याम्होरं व्हता."

"हो काकू. सरकलाय."

"कोनी सरकवला?"

"सिस्टीमनं."

मी विचारलं, "का?"

त्यानं माझ्याकडे खरोखरच्या कुतूहलानं पाहिलं, जणू मी विचारलं की आज गुरुवार का आहे. "ताई, असं ऑप्शनच न्हाई त्याच्यात. क्रम येतो. कशामुळं येतो ते मला दिसत न्हाई. मला फक्त छापता येतं."

"नियम कुठे आहेत?"

"आतमधी असतील."

"कुणाला दिसतात?"

"पुन्याला असतील कुनाला. खरं सांगू का, तिथं बी ज्यानं केलं तो सोडून गेला म्हनत्यात."

मी आवाज चढवला. सभासदांच्या पैशातून घेतलेली मशीन सभासदांना उत्तर देत नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं, वगैरे. सगळं पाठ होतं. ऑपरेटर खाली मान घालून ऐकत होता. गयाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या, एखाद्या बहिऱ्या माणसाकडे बघावं तसं.

मग मी त्याला केदारखेड्याची गोष्ट सांगितली. 'का' दाबलं की कारण, पुन्हा दाबलं की त्याचं कारण. त्यानं सगळं ऐकलं.

"चांगलं होतं की," तो म्हणाला. "मलाबी सोपं झालं असतं. लोक माझ्याच अंगावर येऊन राह्यलेत."

बाहेर पडलो तेव्हा दारात एक चिटबॉय बिडी पीत उभा होता. तो गयाबाईंना हळूच म्हणाला, "मावशी, तुमी उगं येरझाऱ्या करून राह्यल्या. जळिताला टोळी लगेच येती."

मला कळलं नाही. गयाबाईंना बरोबर कळलं. पदर दातात धरून त्या शेताच्या वाटेला लागल्या.

कालव्याकडचं शेत

जळीत म्हणजे जळालेला ऊस. तो लगेच तोडावाच लागतो, नाही तर रस आंबतो. म्हणून कारखाना तोडणी मजुरांची टोळी लगेच पाठवतो आणि जळीत ऊस रांग सोडून घेतो. पैशात कपात करून घेतो, पण घेतो. ऊस आपोआप पेटला तर तो अपघात. आपण पेटवला तरीही अपघातच. सगळ्या पट्ट्याला हे माहीत आहे, आणि सगळा पट्टा एकमेकांना सांगतो की विजेची तार घासली.

मी सांगितलं की सोमवारी देवळासमोर बैठक लावते, चार गावची माणसं बोलावू, पंडितराव नाही तर मी स्वतः सांगेन.

"काय सांगनार?"

"की मशीननं कारण दिलंच पाहिजे. पूर्वी देत होती."

गयाबाईंनी एक ऊस मोडून माझ्या हातात दिला. मधोमध पांढरा कापूस झाला होता. चावून बघितला तर गोडीच्या खाली मातीसारखी चव.

"मला कारन पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "अजूनबी पायजे. पन सोमवारपत्तूर ह्याच्यात काय राहतंय? तुमी का धरून बसा. माझ्या उसाला आता फक्त कवा, एवढंच उरलंय."

"कपात करतील. पुढच्या वर्षी बुडख्यातून खोडवा नीट फुटणार नाही."

"ठावंय."

"मग का..."

गयाबाई बांधाकडे वळल्या आणि त्यांनी मेंढरांमागच्या दिराला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर वारा पडला. दीर मेंढरं लांब नेऊन उभा होता. शेजाऱ्याच्या बांधाकडे आधी पट्टा मोकळा केलेला, चौघे जण कडुलिंबाचे ओले डहाळे घेऊन तयार. गयाबाईंनी एका कडेला पाचट पेटवलं आणि मागे सरल्या.

मला वाटलं होतं आग हळूहळू पसरेल. ती उठलीच. बांबू फुटावेत तसा आवाज, एकामागून एक, आणि वरचे पांढरे तुरे क्षणात नाहीसे. उंदीर, ससे, एक घोरपड, सगळं आमच्या पायांतून पळत होतं. काळ्या काजळीच्या लांब पट्ट्या हवेत वर जाऊन आमच्याच अंगावर उतरत होत्या. गयाबाई कडेला उभ्या होत्या आणि डहाळी हातात घेऊन बांधाकडे येणाऱ्या ठिणग्या विझवत होत्या, अगदी मन लावून. आपलं पेटवून शेजाऱ्याचं वाचवत होत्या.

संध्याकाळी उभ्या राहिल्या त्या काळ्या काठ्या. पानं गेलेली, ऊस तसाच.

सकाळी आम्ही पुन्हा गटऑफिसात. ऑपरेटरनं नंबर टाकला. या वेळी पडद्यावर एक चौकट आली जी मागच्या वेळी नव्हती. तिच्यात लिहिलं होतं: कारण – जळीत.

"बघा ताई," तो म्हणाला, आणि त्याच्या मनात खोच नव्हती, "कारन येतं. जळिताला येतं."

"टोळी कवा?" गयाबाईंनी विचारलं.

त्यानं यादी खाली सरकवली. "काकू, या आठवड्यात लई जळीत झालेत. आता जळिताची बी रांग लागलीय."

"मंग माझा नंबर कितवा?"

त्यानं सांगितला.

"आन माझ्या म्होरं ते का?"

ऑपरेटरनं कूलर बंद केला, पुन्हा चालू केला. गयाबाई त्याच्या टेबलासमोर जमिनीवर बसल्या. हातापायाला काजळी, लुगड्याला जळका वास. मी शेजारी बसले. दुपारपर्यंत बसलो. ऑपरेटरनं दोनदा चहा मागवला. कुणीही आम्हाला हाकललं नाही. हाकलायचीही गरज नव्हती.

परत आल्यावर

सोमवारची बैठक झाली. आठ-दहा माणसं आली, बाकीचे टोळीच्या मागे होते. मी पंडितरावांचं नाव न घेता जुन्या मशीनची गोष्ट सांगितली. (इथेही त्यांचं नाव आणि गाव बदललेलं आहे.) लोकांनी ती एखाद्या चांगल्या राजाची गोष्ट ऐकावी तशी ऐकली आणि उठून गेले.

पुण्यात येऊन मी हे लिहायला बसले त्या आठवड्यात गयाबाईंचा फोन आला. ऊस गेला होता, पाचव्या दिवशी. वजन किती भरलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"ती मशीन कुठंय हो?" त्यांनी विचारलं. "तुमी म्हनला ती. मला एकडाव बगायचीय."

मी पंडितरावांना फोन लावला. ते म्हणाले की खिडकी बुजवल्यावर मशीन गोदामात होती, मग एका वर्षी भंगाराच्या लिलावात गेली. नियमांचा कागद आणि पोराच्या फ्लॉप्या तिच्याबरोबरच पोत्यात भरल्या होत्या. जालन्याच्या भंगारवाल्यानं उचललं सगळं. "डबा पत्र्याचा, भट्टीत गेला असंल. सळई झाली असंल कुनाच्या तरी स्लॅबची." तो पोरगा कुठे आहे, तेही त्यांना माहीत नव्हतं.

मी गयाबाईंना जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगण्यात अर्थ नव्हता. फोनमध्ये मागून मेंढरांचा आवाज येत होता.

"आमच्या मालकाच्या हातूनच गेली का काय भट्टीत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मंग दुसरी करा की. एका पोरानं केल्ती ना? तुमीबी शिकलेल्याच हायत."

मी म्हणाले, बघते.

मला मशीन करता येत नाही, पत्रक करता येतं. हे तेच आहे.